रडणाऱ्या पुरुषांचा तास

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीचं पत्र आलं, ‘शाळेने मला काय दिलं’ यावर लिहा. दहावीच्या निकालांवर, कबड्डीच्या ढालींवर आणि गळक्या कौलांखालच्या वर्गांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. तारखाही त्यांना माझ्यापेक्षा चांगल्या आठवतात. मी एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहे. बापयाने, म्हणजे पुरुषाने, रडावं की नाही, याबद्दल दोन मतं असू शकतात हे मला आपल्या शाळेत, धर्मशिक्षणाच्या तासाला पहिल्यांदा कळलं.

घरी एकच मत होतं. ‘बापये रडतत काय रे? गप रव.’ मालवणच्या किनाऱ्यावर हे वाक्य आम्हा ख्रिस्तांवांच्या, म्हणजे कॅथलिकांच्या घरात, गाबितांच्या घरात, भंडाऱ्यांच्या घरात सारखंच ऐकू यायचं. आमच्या वाडीतले निम्मे बाप बोटीवर. नाताळ आटोपून जानेवारीत ते परत निघायचे तेव्हा एसटी स्टँडवर बायका डोळे पुसायच्या, आणि बाप मात्र कंडक्टरशी सामानावरून वाद घालत उभे असायचे. तो वाद दर वर्षी व्हायचा. सामान तेवढंच असायचं, आणि कंडक्टरही ते घ्यायचाच. आता वाटतं, त्या चार मिनिटांत करण्यासारखं त्यांना दुसरं काही सुचत नसावं.

आमचे पुरुष रडत नव्हते असं नाही. जत्रेत दशावतारात हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की पहाटेच्या सुमारास पेट्रोमॅक्सच्या पलीकडच्या अंधारात नाकं ओढल्याचे आवाज यायचे. तारामती झालेला नट पुरुष, रडणारे बघेही पुरुष. पण तिथे रडणं तारामतीच्या नावावर जमा व्हायचं, स्वतःच्या खात्यावर नाही. आम्हा ख्रिस्तांवांना त्याखेरीज पवित्र शुक्रवार मिळायचा. क्रूसाच्या वाटेच्या चौथ्या स्थानावर, जिथे येशूला त्याची आई भेटते, तिथे आमचे काका दर वर्षी खाकरायचे. वर्षातला एक दिवस, तोही दुसऱ्याच्या दुःखासाठी. उरलेलं वर्ष राग आणि दारू यांच्यावर निभवायचं.

तेव्हाचे आपले मुख्याध्यापक फादर धर्मशिक्षणाचा तास स्वतः घ्यायचे. त्यांचं नाव लिहीत नाही, त्या काळातल्या कुणालाही ते कळेल. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि बाकीच्यांना नीतिशिक्षण अशी विभागणी होती, पण पावसाळ्यात एक वर्ग इतका गळायचा की दोन्ही तास एकत्रच भरायचे. नीतिशिक्षणाची मुलं मागच्या बाकांवर बसायची आणि प्रश्न जास्त विचारायची.

असाच एक तास योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाचा होता. बेथानीचा लाजरस मेलेला, पुरून चार दिवस झालेले, मार्था आणि मरिया या बहिणी शोकात. येशू येतो आणि मरियेला रडताना पाहून स्वतः रडतो. फादरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, ‘तो का रडला?’ आम्ही ठरलेलं उत्तर दिलं, मित्र मेला म्हणून. ‘पण पुढच्या पाचदहा मिनिटांत तो त्याला थडग्यातून बाहेर बोलावणार आहे, हे त्याला ठाऊक आहे. मग रडायचं कारण काय?’ वर्ग गप्प. फादरांचं म्हणणं असं, की पुनरुत्थान होणार हे माहीत असलं तरी समोरच्या बाईचं दुःख त्या क्षणी खरंच असतं. त्याला वळसा घालून चमत्काराकडे जायला येशू तयार नव्हता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. त्याचा बाप पावसाच्या तोंडावर होडी उलटून गेला होता. आदल्याच आठवड्यात पीटीच्या सरांनी त्याला मैदानावर ‘आता तू घरातला कर्ता, डोळ्यात पाणी दिसता कामा नये’ असं बजावलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. तो म्हणाला, ‘फादर, मागच्या तासाला तुम्हीच वाचलंत, नाईन गावच्या विधवेला येशूने रडू नको म्हणून सांगितलं.’

तो बरोबर होता. लूकच्या सातव्या अध्यायात तसंच आहे. एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा चाललेली, आणि येशू त्या आईला म्हणतो, रडू नको. फादर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हो, म्हणाला. आणि लगेच तिचा मुलगा जिवंत करून तिच्या हाती दिला. ज्याच्याकडे द्यायला काही आहे त्याने रडू नको म्हणावं. मी तुला म्हणणार नाही.’ एवढं सांगून ते बाकापाशी गेले आणि त्याच्या शेजारी दाटीवाटीने बसले. तास संपेपर्यंत तिथूनच शिकवलं. तो मुलगा रडला की नाही ते मला दिसलं नाही, कारण मागे वळून बघायचं नाही एवढी अक्कल त्या दिवशी सगळ्या वर्गाला होती.

त्या पावसाळ्यात फादरांनी जणू रडणाऱ्या पुरुषांची हजेरीच घेतली. मेलेल्या मुलासाठी, अबशालोमासाठी, वेशीवरच्या माडीत ऊर बडवणारा राजा दावीद. येशूला ओळखत नाही असं सांगून बसलेला आणि कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडलेला पेत्र, जो आपल्यासारखाच जाळी ओढणारा होता. योसेफ तर आमचा लाडका. भाऊ इतक्या वर्षांनी समोर आल्यावर तो आतल्या खोलीत जाऊन रडतो आणि तोंड धुऊन जेवायला वाढायला सांगतो. ‘हे म्हणजे अगदी आपल्या गावचं,’ फादर म्हणाले आणि आम्ही हसलो, कारण विहिरीवर उगाच तोंड धुणारे बाप सगळ्यांनी पाहिले होते. दोन अध्यायांनंतर तोच योसेफ इतक्या मोठ्याने रडतो की मिसरी लोकांना ऐकू जातं. आणि मग प्रेषितांच्या कृत्यांतलं मिलेत बंदर. पौल जहाजावर चढायला निघालाय, तुम्हाला माझं तोंड पुन्हा दिसणार नाही असं त्याने सांगितलंय, आणि इफिसची वडीलधारी मंडळी त्याच्या गळ्यात पडून रडताहेत, त्याचे मुके घेताहेत. गावातली जाणती, दाढीवाली माणसं, धक्क्यावर, चारचौघांत. मला आमचा एसटी स्टँड आठवला. तिथे कंडक्टर नव्हता म्हणून असेल, असाही एक चावट विचार मनात आला.

मैदानाकडच्या भिंतीवर पीटीच्या सरांनी ठळक लाल अक्षरांत एक वचन रंगवून घेतलं होतं: ‘विश्वासात स्थिर राहा, मर्दासारखे वागा, खंबीर व्हा.’ पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, सोळाव्या अध्यायातलं. फादरांनी ते पुसायला लावलं नाही. त्यांनी फक्त त्याच मंडळीला त्याच पौलाने लिहिलेलं दुसरं पत्र वर्गात वाचलं. त्याच्या दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो, मी तुम्हाला लिहिलं ते मोठ्या मनस्तापाने, पुष्कळ आसवं गाळत. ‘दोन्ही पत्रं एकाच माणसाची,’ फादर म्हणाले, ‘आणि पत्ताही एकच.’

पुढच्या वर्षी फादरांची आई वारली. मिस्सा त्यांनीच केली आणि शेवटच्या प्रार्थनेत त्यांचा आवाज फुटला. ते थांबले, वेदीला धरून रडले आणि मग पुढे वाचलं. गावात आठवडाभर तोच विषय. ‘पाद्रीच रडलो, मगे आमका धीर कोण देतलो?’ असं माझी आजीच म्हणाली. काहींना यात विश्वासाची कमतरता दिसली. सार्वकालिक जीवनावर प्रवचन देतो आणि स्वतःच्या आईला रडतो! आमच्याकडे मरणाच्या घरी ‘देवाची खोशी’, म्हणजे देवाची इच्छा, असं म्हणायची रीत आहे. ते म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण बऱ्याचदा ते झाकण म्हणूनही वापरलं जातं, आणि त्या झाकणाखाली बायकांपेक्षा पुरुष जास्त गुदमरतात, कारण बायकांना निदान गळ्यात पडायला बायका असतात.

पुढच्या रविवारी फादरांनी स्वतःबद्दल अक्षर काढलं नाही. संत ऑगस्टीनबद्दल बोलले. इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात त्याची आई मोनिका वारली. त्याचा कोवळा मुलगा मोठ्याने रडू लागला तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं. ऑगस्टीनने स्वतःही डोळे कोरडे ठेवले आणि पुरायला जाऊन तसाच परत आला. मन हलकं होतं असं ऐकून स्नान करून पाहिलं. काही फरक पडला नाही. शेवटी अंथरुणात एकटा असताना रडला, आणि पुढे बिशप झाल्यावर हे सगळं आत्मकथनात लिहून ठेवलं, वर वाचणाऱ्याला बजावलं की मी आईसाठी घटकाभर रडलो हे ज्याला पाप वाटेल त्याने मला हसू नये. एवढा मोठा धर्मपंडित सोळाशे वर्षांपूर्वी आमच्या आजीला उत्तर देत होता. आजीला ते पटलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मराठीचे सर माळकरी होते. ते फादरांना म्हणाले, तुमच्या लोकांनी एवढ्यासाठी रोमला कशाला जायचं? आमच्या संतांच्या अष्टसात्त्विक भावांत घाम आहे, रोमांच आहे, गळा दाटणं आहे आणि आसवंही आहेत. वारीत पुरुष पुरुषाच्या पाया पडतो, उराउरी भेटतो, रडतो आणि कुणी वळून बघत नाही. मग ते नारायण वामन टिळकांवर आले. टिळक आपल्या कोकणातले, जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्ताकडे आपण तुकारामांच्या वाटेने आलो असं ते सांगत, आणि त्यांची ख्रिस्ती भजनं त्याच वळणाची आहेत. सरांचा मुद्दा असा, की तुमचा देव रडतो, आमचे भक्त रडतात, मग चर्चमध्ये पुरुष खांबासारखे का उभे राहतात? खरंच होतं ते. आमच्याकडे गाणं बायकांचं, आणि पुरुष मागच्या दाराशी, प्रवचन लांबलं की बाहेर आंब्याखाली. आजही तसंच आहे.

याच्या उलट टोकाच्या सभाही मी पुढे पाहिल्या. कीबोर्डवर करुण सूर लावून, माइकवरून ओरडून शेकडो माणसांना एका वेळी रडवायचं. मला ते आवडत नाही. माणसाला रडायला लावणं आणि रडू देणं यांत मी फरक करतो, आणि तो फादरांनी बाकावर बसून दाखवला होता.

मी आयटीआय करून बापासारखाच बोटीवर गेलो, इंजिनरूममध्ये. परदेशी बंदरांत स्टेला मारिसचे धर्मगुरू जहाजावर येतात. १९२० मध्ये ग्लासगोत सुरू झालेली ही कॅथलिक संस्था खलाशांची विचारपूस करते. त्यांच्याशी बोलताना आपलीच शाळा पुढे चालू आहे असं वाटायचं. २०२० मध्ये महामारीत बंदरं बंद झाली, त्यांचं येणंही थांबलं. त्या वर्षअखेरीस जगभर सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते, त्यांतला मी एक. आम्ही रविवारी मेसमध्ये बसून स्तोत्रं वाचायचो. १०७वं स्तोत्र तर आमच्यासाठीच आहे, त्यात जहाजातून व्यापाराला गेलेली माणसं लाटांत झिंगल्यासारखी झोकांड्या खातात आणि देवाला हाका मारतात. एका फिलिपिनो सेकंड कुकचा बाप तिकडे वारला आणि तो वाचता वाचता ढसाढसा रडू लागला. सगळ्यांच्या नजरा टेबलावर. आमचा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रत्नागिरीकडचा मुसलमान, स्तोत्राशी त्याचा संबंध नाही. तो चहाचा कप घेऊन सहज आत आला होता. त्याने कप ठेवला, खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसला. जेवणाची वेळ टळून गेली तरी बसून होता. रडू नको असं तो एकदाही म्हणाला नाही. आपल्या शाळेत न शिकताही माणसाला हे येतं, तेव्हा सगळं श्रेय शाळेला देता येत नाही. मला मात्र ते शाळेतच कळलं.

मागच्या मे महिन्यात शाळेत येऊन गेलो. महोत्सवासाठी रंगरंगोटी चालली आहे आणि मैदानाकडच्या भिंतीवरची लाल अक्षरं पुन्हा उठावदार करणार असं पेंटर म्हणाला. करावीत, माझी काही हरकत नाही. फक्त समितीला विनंती आहे, की त्या वचनाच्या उजव्या हाताला भिंत रिकामी आहे, तिथे करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातली ती आसवांची ओळही त्याच आकारात, त्याच लाल रंगात लिहून घ्यावी. पेंटरचे पैसे मी देईन. १९८८च्या बॅचची वर्गणी वेगळी जमा केली आहे, ती यात धरू नये.