म्युझिक हॉल म्हणजे इंग्रजांचा तमाशाच का? तुम्ही विचारलंत म्हणून...

लंडनला आलेल्या पाहुण्यांचा टॉवर ब्रिज बघून झाला की मी त्यांना जवळच्याच ग्रेसेस ॲलीत, विल्टन्स म्युझिक हॉलमध्ये नेते. म्युझिक हॉल म्हणजे एकोणिसाव्या शतकात लोक खातपीत गाणी, नकला बघायचे ती जागा. तिथे हमखास प्रश्न येतो, ‘म्हणजे हा इंग्रजांचा तमाशाच ना?’

मला नाही तसं वाटत. तमाशाच्या फडाचं पोट कलेवर चालतं. इथे पोट भरायची दारू. गाणं होतं ते गिऱ्हाईक हलू नये म्हणून. विल्टन्सची ठेवणच बघा ना. रस्त्यावरून आत थिएटर असेल अशी शंकाही येत नाही. आधी बार लागतो, तो ओलांडून मागे गेलात की मग १८५९ सालचा हॉल, पीळ दिलेले लोखंडी खांब आणि त्यांवर पेललेला सज्जा.

याच्या मुळाशी १८४३चा कायदा आहे. नाटक करायचं तर प्रेक्षागृहात दारू नाही, आणि दारू विकायची तर नाटक नाही. गुत्तेवाले दारू थोडीच सोडणार! त्यांनी नाटक सोडलं आणि गाणी, नकला, कसरती धरल्या. पबच्या मागच्या खोल्यांत गाणी पूर्वीही व्हायची, पण चार्ल्स मॉर्टननं १८५२ मध्ये लंडनमधल्या लॅम्बेथच्या कँटरबरी आर्म्स या पबमागे खास हॉलच काढला. बायकांनाही येऊ दिलं. टेबलांवर खाणंपिणं चालू, आणि समोर हातोडी घेऊन बसलेला चेअरमन पुढच्या कलाकाराचं नाव पुकारतोय, गलका आवरतोय. मला या सगळ्यात नोकरी मिळाली असती तर मी चेअरमनचीच मागितली असती.

आणि या हॉलमधला गायक जॉर्ज लेबर्न! मूळचा यंत्रकामगार. १८६६ पासून ‘शॅम्पेन चार्ली’ या गाण्यात झकपक कपडे घालून, शॅम्पेनच्या बढाया मारत तो मिरवायचा, आणि खाली बिअर पिणारे त्याचेच भाऊबंद त्याच्याबरोबर धृपद ओरडायचे. पुढे मालकानं करारातच घातलं की स्टेजबाहेरही त्यानं बग्गीतून थाटात फिरायचं. सोंग उतरवायची सोयच राहिली नाही. १८८४ मध्ये, जेमतेम चाळिशी ओलांडलेला असताना तो गेला, तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं.

१८७८ मध्ये हॉल सुरक्षित असल्याचा दाखला सक्तीचा झाला आणि कितीतरी छोटे हॉल बंद पडले. मोठ्या कंपन्यांनी असेच गाणी-नकलांचे खेळ करणारी महालासारखी व्हरायटी थिएटरं बांधली. टेबलं गेली, ओळीनं खुर्च्या आल्या, चेअरमनही गेला. विल्टन्स तर १८८८ मध्ये दारूला शिवायचं नाही म्हणणाऱ्या मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या हाती गेलं. पुढच्याच वर्षीच्या गोदी संपात त्यांनी तिथे उपाशी कुटुंबांना जेवू घातलं.

१९१२ मध्ये राजा पंचम जॉर्ज पॅलेस थिएटरात या मंडळींचा खेळ बघायला आला. दीडशेच्या आसपास कलाकार हजर होते. लोकांची सगळ्यांत लाडकी मेरी लॉइड मात्र नव्हती. चावट गाण्यांची बाई म्हणून तिला बोलावलंच नव्हतं.