आधी लाईट, मग लेझर : आमची वाटचाल

अमळनेरच्या आमच्या गाळ्यात शिरलं की डाव्या भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं अजून टांगलेली दिसतील. ती नानांची. माझ्या वडिलांनी याच जागेत तीस वर्षं मोटार रिवायंडिंग केलं. आजूबाजूच्या गावांतून जळालेल्या सबमर्सिबल यायच्या. मोटार टेबलावर ठेवायच्या आधी नाना शेतकऱ्याला दोन गोष्टी विचारायचे : तुमच्याकडे व्होल्टेज किती राहतं, आणि एखादी फेज जाते का? बऱ्याच मोटारी कमी व्होल्टेजवर किंवा दोनच फेजवर ओढून ओढून जळालेल्या असायच्या. नुसती वायंडिंग भरून दिली तर तीच मोटार महिन्याभरात परत येणार, हे नानांना ठाऊक होतं. म्हणून ते स्टार्टर आणि केबलही तपासायला लावत. आज आमचं पोट ज्या कामावर चालतं, म्हणजे छोट्या लेझर कोरीव मशीनच्या दुरुस्तीवर, त्याचा पाया तिथे आहे.

मी जळगावला ट्रॉफी आणि नेमप्लेटच्या दुकानात काम शिकलो. 2018 साली साठवलेले पैसे आणि नानांची थोडी मदत घेऊन 40 वॅटचं निळं सीओटू मशीन घेतलं, म्हणजे काचेच्या ट्यूबमधल्या कार्बन डायऑक्साइड वायूतून लेझर तयार करणारं. लाकडावर नावं कोरायची, अ‍ॅक्रिलिक कापायचं, लग्नसराईत पाटावर वधूवरांची नावं घालायची, असा बेत होता. पहिल्याच दिवशी मशीनचं झाकण उघडताना बोटांना झिणझिण्या आल्या. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, लेझरचं मशीन आहे, थोडं जाणवणारच. नानांना ते मुळीच पटलं नाही. त्यांनी मल्टिमीटरची एक पिन मशीनच्या पत्र्याला आणि दुसरी नळाच्या लोखंडी पाइपला लावली. मीटरवर 104 व्होल्ट.

यामागचं कारण समजून घ्या, कारण घरोघरच्या मशीनमध्ये हाच दोष सापडतो. पॉवर सप्लायच्या आत फेज आणि बॉडी, न्यूट्रल आणि बॉडी यांच्यामध्ये लहान फिल्टर कपॅसिटर बसवलेले असतात. प्लगची तिसरी पिन जमिनीपर्यंत पोचत असेल तर त्यांच्यातून झिरपणारा किरकोळ करंट तिकडे निघून जातो. ती पिन कुठेच जोडलेली नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर मेनच्या साधारण निम्मं व्होल्टेज चढतं. आमच्या गाळ्यात सॉकेटला तिसरं भोक होतं, त्याच्या मागे तार नव्हती. सीओटू मशीनमध्ये हा दोष नुसता मुंग्यांवर थांबत नाही. काचेच्या ट्यूबला पंधरा-वीस हजार व्होल्ट जातात. ते नेणाऱ्या लाल वायरचं इन्सुलेशन कुठे फुटलं तर त्या व्होल्टेजला जमिनीकडे जायला वाट हवी. अर्थिंग नसेल तर ती वाट माणसाच्या हातातून जाते.

नानांनी दुसऱ्याच दिवशी गाळ्यामागे खड्डा खणला. तांब्याची प्लेट, कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला पाइप. फेज ते न्यूट्रल 228, फेज ते अर्थ 227, न्यूट्रल ते अर्थ दीड व्होल्ट असे आकडे आले तेव्हाच त्यांनी मशीन चालू करू दिलं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं की आम्ही आजही काम थांबवतो आणि आधी बोर्ड उघडतो. आपली काळी जमीन चैत्र-वैशाखात तडकते, खड्डा कोरडा पडतो, अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो. म्हणून अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीपासून पाऊस पडेपर्यंत रोज संध्याकाळी त्या पाइपात एक घागर पाणी जातं. हे काम नाना अजून दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत.

पहिल्या वर्षी दुसरा त्रास झाला तो नक्षी फिकी पडण्याचा. सकाळी कोरलेल्या पाट्या गडद यायच्या, संध्याकाळी सातनंतर त्याच सेटिंगवर फिक्या. मी आरसे पुसले, लेन्स बदलली, लाकडाला दोष दिला. नाना गाळ्याच्या दारातून म्हणाले, "आधी लाईट देख रे, मंग मशीनले हात लाव." मीटर लावला. संध्याकाळी 181 व्होल्ट. ट्यूबचा करंट दाखवणाऱ्या, मशीनच्या पुढच्या मिलिअँप मीटरचा काटा सकाळी 12 वर असायचा, तोच आता 9 च्या आसपास थरथरत होता. स्वस्तातला सप्लाय एवढ्या खाली सावरू शकत नाही. सर्व्हो स्टॅबिलायझर बसवला आणि तक्रार संपली. आरसे पुसण्यात मात्र माझे दोन महिने गेले होते.

तिसरी गोष्ट पाण्याची. ट्यूब थंड ठेवायला तिच्याभोवती पाणी फिरतं. मी बादलीत बोअरचं पाणी भरलं होतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यात क्षार, आणि क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते. ट्यूबजवळचं व्होल्टेज त्या पाण्यात उतरू लागलं की लेझरचा जोर घटतो आणि बादलीत बोट बुडवलं तर झटका बसतो. मला तो बसला आहे. तेव्हापासून फक्त डिस्टिल्ड वॉटर. उन्हाळ्यात सावलीतली बादलीसुद्धा तापते, मग बर्फाच्या बंद बाटल्या सोडून पाणी पंचविसाच्या खाली ठेवायचं. बर्फ सुटा टाकायचा नाही, त्याचं वितळलेलं पाणी पुन्हा क्षार घेऊन येतं. करंटही जपायचा. आमच्यासारख्या मशीनच्या ट्यूबवर 40 वॅट लिहिलेलं असलं तरी खरी ताकद त्याहून कमी असते. काटा आम्ही 15 मिलिअँपच्या पुढे जाऊ देत नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये ट्रॉफ्या बंद, लग्नं बंद, सत्कार बंद. गाळ्याचं भाडं चालू. त्याच दिवसांत लोकांनी घरबसल्या छोटी डायोड लेझर मशीनं (काचेच्या ट्यूबऐवजी इलेक्ट्रॉनिक चिपमधून लेझर काढणारी) मागवली आणि ती बिघडली की दाखवायला कोणी नव्हतं. शिरपूरच्या एका विद्यार्थ्याला माझा नंबर मिळाला. मग पारोळ्याचे एक गुरुजी, रावेरचे लाकडी खेळणी करणारे भाऊ. सुरुवातीला फोनवरच सांगायचो आणि पैसे घ्यायचो नाही. पुढच्या वर्षभरात कोरीवकामापेक्षा दुरुस्तीचं काम जास्त झालं. नानांची रिळं आणि माझं लेझर एका टेबलावर आलं ते असं.

चोपड्याच्या ताईंचं मशीन मला कायम लक्षात राहील, कारण त्या एका कामाने आमची तपासायची रीत ठरली. त्या रांगोळीचे छाप आणि देवघराच्या पाट्या करतात. पाच वॅटचं डायोड मशीन, अर्धी पाटी झाली की मध्येच थांबायचं आणि कॉम्प्युटरशी जोडणी तुटायची. दोन ठिकाणी मशीन चालवणारा कंट्रोल बोर्ड बदलून झाला होता, पैसे गेले होते. त्या एसटीने मशीन मांडीवर घेऊन आल्या. मी अ‍ॅडॅप्टर तपासला, 12.1 व्होल्ट, म्हणजे उत्तम. मशीन जोडलं, अर्धा तास व्यवस्थित चाललं. ताई म्हणाल्या, "भाऊ, घरी असं चालत नाही हो." मग लक्षात आलं की मी फक्त मशीनचं डोकं, म्हणजे लेझर बसवलेला भाग, इकडून तिकडे फिरवत होतो, लेझर पेटवलाच नव्हता.

पूर्ण जोरावर लेझर लावून, वीज आत घेणाऱ्या जॅकच्या मागच्या टोकांना मीटर धरला. 12.1 वरून 11.2, मग 10.4. मोटारी वेगात वळल्या की 9.8, आणि त्याच क्षणी बोर्ड रीसेट. मूळ अ‍ॅडॅप्टर 12 व्होल्ट 5 अँपचा होता. तो जळाल्यावर दुकानदाराने राउटरचा 12 व्होल्ट 2 अँपचा दिला होता. पिन सारखी, व्होल्ट सारखे, म्हणून कोणी पाहिलं नाही. शिवाय जॅकची आतली पिन काळवंडून सैल झाली होती. जॅक बदलला, 5 अँपचा चांगला अ‍ॅडॅप्टर लावला. पूर्ण जोरावर 11.9 च्या खाली उतरेना. दोनशे रुपयांचा जॅकसुद्धा नव्हता तो.

तेव्हापासून आमच्याकडे रिकाम्या मशीनवर घेतलेलं व्होल्टेज वहीत लिहीतच नाहीत. भारावर घेतलेलंच लिहायचं. इथे खोक्यावरच्या आकड्याबद्दल बोलतो. डायोड मशीनच्या खोक्यावर 40 वॅट छापलेलं असतं तेव्हा बऱ्याचदा तो विजेचा खर्च असतो, प्रकाशाची ताकद नसते. प्रकाश पाचच वॅटचा असला तरी लेझर, पंखा आणि मोटारी मिळून त्याच्या कितीतरी पट वीज ओढतात. अ‍ॅडॅप्टर निवडताना हा हिशेब चुकला की चोपड्यासारखं होतं.

जोडणी तुटण्याचं दुसरं कारण पुन्हा अर्थिंगच. लॅपटॉप एका खोलीच्या सॉकेटवर आणि मशीन दुसऱ्या स्विचबोर्डवर असेल तर दोघांच्या अर्थमधला फरक यूएसबीच्या वायरमधून वाहतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. तुटणं थांबलं तर मशीनचा बोर्ड बदलायला धावू नका, दोन्ही एकाच स्विचबोर्डवर आणा. पाण्याच्या मोटारीचा किंवा मिक्सरचा खटका दाबला की मशीन अडखळतं का, तेही घरच्यांना विचारा. आमच्याकडे हे उत्तर बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून मिळालं आहे.

सीओटू मशीन पेटत नाही म्हणून आलं की सर्वात आधी सप्लायच्या अंगावरचं छोटं टेस्ट बटण, तेही ट्यूबमधून पाणी फिरत असताना, झाकण बंद करून आणि लेझरचा चष्मा लावून. ते दाबल्यावर ट्यूबमध्ये गुलाबी-जांभळी रेघ उमटली तर सप्लाय आणि ट्यूब दोन्ही ठीक, दोष अलीकडे : पाण्याचा सेन्सर, झाकणाचा स्विच, किंवा जोर कमी-जास्त करायचं पोटेन्शिओमीटर. पोटेन्शिओमीटरच्या मधल्या पिनवर शून्यापासून पाच व्होल्टपर्यंत आकडा सलग चढायला हवा. झिजलेल्या नगात तो दोनवरून एकदम चारवर उडतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं लेझर मनाला येईल तसा जळतो. याच सप्लायमधून मोटारींसाठी 24 व्होल्टचा जेमतेम एक अँप मिळतो. त्यावरच लोक एलईडी पट्टी, पंखा, कॅमेरा जोडतात आणि मग नक्षीच्या ओळी सरकू लागतात. आम्ही जास्तीच्या वस्तूंना वेगळा एसएमपीएस, म्हणजे दुसरा पॉवर सप्लाय, देतो. तो बसवताना अंगावरची व्होल्टेज निवडायची 115-230 ची पट्टी मात्र बघायची. ती 115 वर राहिली तर खटका टाकताक्षणी आवाज होतो आणि सप्लाय गेला.

पावसाळ्यात येणारी मशीनं वेगळी. ट्यूबच्या लाल वायरच्या टोकाला धूर आणि दमट हवेचा थर बसतो, मग आतून चर्र असा आवाज येतो आणि अंधारात पत्र्याकडे निळी ठिणगी उडताना दिसते. तिथे मल्टिमीटर कधीच लावायचा नाही. तो एवढ्या व्होल्टेजसाठी नसतो, मीटर फुटेल आणि हात भाजेल. प्लग काढायचा, निदान दहा मिनिटं थांबायचं, मग थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी सिलिकॉनची नळी चढवायची. मिलिअँप मीटरच्या मागचे स्क्रूही याच वेळी घट्ट करतो. ट्यूबचा परतीचा करंट त्या मीटरमधून जातो. तिथली वायर सुटली तर पुढच्या पॅनलवरच हजारो व्होल्ट येऊन बसतात. उघड्या सप्लायजवळ काम करताना डावा हात पाठीमागे ठेवायचा, ही नानांची सक्ती आमच्याकडच्या दोन्ही पोरांना लागू आहे.

2021 च्या जूनमध्ये वादळात आमच्या लाइनचा न्यूट्रल तुटला. बल्ब एकदम पांढरे झाले, नाना ओरडले, मी मेन पाडायला धावलो. तोवर मीटरवर 320 च्या वर होतं. आमचं मशीन, कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांचे तीन अ‍ॅडॅप्टर गेले. ते तिन्ही आम्ही स्वतःच्या पैशाने भरून दिले. त्या महिन्यात पत्नीने टेबलावर मशीनऐवजी हाताने पाट्या रंगवून घर चालवलं. नंतर मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला. 260 च्या वर किंवा 170 च्या खाली गेलं की तो लाइन तोडतो आणि आकडा स्थिर झाल्यावर तीन मिनिटांनी जोडतो. आता आम्ही प्रत्येक सीओटू मशीनवाल्याला तो घ्यायला सांगतो, आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नसतो.

आज गाळ्यात आम्ही चौघं आहोत. डिझाइन आणि हिशेब पत्नीकडे, दुरुस्ती माझ्याकडे आणि दोन पोरांकडे. नाना सकाळी दोन तास बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न तेच विचारतात. धुळे, नंदुरबार, भुसावळ इथून मशीनं येतात. यायच्या आधी एक विनंती : नुसतं मशीन आणू नका. घरी ज्या अ‍ॅडॅप्टरवर आणि ज्या एक्स्टेंशन बोर्डवर ते चालतं, ते दोन्ही पिशवीत टाका. जमलं तर संध्याकाळी सातला सॉकेटमध्ये किती व्होल्ट होते तो आकडा चिठ्ठीवर लिहून आणा.