गाण्याचं चॅनेल कोण पाहते जी?

२०१९ च्या सुरुवातीला ज्याचं ज्याचं डीटीएच रिचार्जचं दुकान होतं त्याच्यासमोर नुसतं "नवीन नियम" म्हणून पाहा, माणूस हातातला चहा खाली ठेवतो. माझं दुकान नागपुरात मानेवाडा रोडला, रिचार्ज, नवीन कनेक्शन, वाऱ्यानं छत्री हलली तर ती सेट करून देणं, रिमोट, वायर, सगळंच. तेव्हाच्या एका रविवारबद्दल लिहायचं बऱ्याच दिवसांपासून डोक्यात होतं.

आधी नियम काय होता ते सांगतो कारण आता लोक विसरले. पहिले कसं होतं, कंपनीनं पॅक बनवून ठेवलेले असायचे, दोनशे-अडीचशे चॅनेल, त्यात काय आहे अन काय नाही कोणी मोजत नव्हतं, रिचार्ज मारला की सगळं दिसायचं. ट्रायचा, म्हणजे टीव्ही अन फोनच्या कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवीन नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला आणि मग ज्याला जे पाहायचं ते त्यानं स्वतः निवडायचं. तेव्हा १३० रुपये नुसते नेटवर्कचे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि तेवढ्यात शंभर एसडी, म्हणजे साध्या चित्राचे, चॅनेल. एचडी घेतलं की एकाचे दोन धरायचे. शंभरातले २५ दूरदर्शनचे, ते सक्तीचे. पैशाचं चॅनेल पाहिजे तर त्याची किंमत वेगळी होती, झी मराठी १९, कलर्स मराठी १०, स्टार स्पोर्ट्स हिंदी १९, असं. जे पाहता त्याचेच पैसे द्या, यात मला तरी काही वाईट वाटलं नव्हतं.

जानेवारीभर काउंटरवर लिस्ट घेऊन बसलो आणि येईल त्याला विचारत गेलो की काय काय पाहता. उत्तरं पण ठरलेली, आईच्या मालिका, पोट्ट्याचं कार्टून, स्वतःचं क्रिकेट, झालंच तर बातम्या. गाण्यांवर आलो की माणूस हात झटकायचा. "गाणे तं मोबाईलवर आहेत ना जी, कायले टाकता!" आणि खोटं काय होतं त्यात, २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा कोणी मोजत नव्हतं. एक जण मात्र हळहळला, कॉलेजात असताना चॅनेल व्ही पाहायचा म्हणे, ते आहे का लिस्टमध्ये. त्याला सांगितलं की दादा ते सप्टेंबर २०१८ मध्येच बंद झालं आणि त्याच्या जागी स्टार स्पोर्ट्स ३ आलं. तो म्हणे चला, मग स्पोर्ट्सच टाका.

यात एक गंमत लोकांच्या ध्यानातच येत नव्हती. गाण्याचे बरेचसे चॅनेल फुकट असायचे, त्यांची कमाई जाहिरातीवर, म्हणून ९एक्सएमसारखे चॅनेल घ्यायला एक पैसा लागत नव्हता. पण फुकट असलं तरी ते शंभरात मोजलं जायचं. टिक केलं नाही तर दिसणार नाही. लोकांना वाटायचं फुकटचं आहे तर आपोआप येईल, मी सांगायचो, ते "हाव हाव" म्हणायचे आणि निघायचे.

तर ३ फेब्रुवारी, रविवार. वेलिंग्टनला इंडिया-न्यूझीलंडची पाचवी वनडे, आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू. मी दुकान लवकर उघडलं, म्हटलं आज स्पोर्ट्सवाल्यांचे फोन येतील, मॅच दिसून नाही राहिली म्हणून. आले पण तसे दोनतीन, रिफ्रेश मारून दिलं, विषय संपला. समोरच्या ठेल्यावरून तर्री पोहे मागवले आणि तिकडे इंडियाच्या विकेटा पडायला लागल्या. १८ वर ४! बोल्ट अन हेन्रीनं आपल्या लोकांना उभंच राहू दिलं नाही.

आणि मग फोन सुरू झाले.

पहिला फोन चौकातल्या सलूनवाल्या दादाचा. रविवारची सकाळ, बम गर्दी, चार जण खुर्चीवर, सहा जण बाकड्यावर. "भाऊ, गाणे कुठी गेले बे माझे?" मी म्हटलं मॅच आहे ना, मॅच लाव. तर म्हणे, "अबे मॅचचं काय राहिलं आता, गिऱ्हाईक बोंबलून राहिले बंद कर म्हणून, गाणे लावाले गेलो तं बाई येते अन सांगते का हे चॅनेल तुम्ही घेतलं नाही!" मागून वस्तऱ्याचा खरखर आवाज आणि टीव्हीतल्या त्या बाईची रेकॉर्डिंग, दोन्ही मला फोनवर ऐकू येत होते. तो फोन ठेवत नाही तो पोट्ट्यांच्या मेसचा फोन, मग एक जिमवाला, मग एक काकू, मग एक ज्याला मी ओळखतही नाही. सगळ्यांचं एकच. मॅच बुडाली म्हणून रिमोट हातात घेतला, गाण्याच्या नंबरवर गेले, आणि तिथं काहीच नाही. शुक्रवारपासून नव्हतंच ते, कोणाला पत्ता नव्हता.

आमच्या धंद्यात मालिका गेली की माणूस वेळेवर फोन करतो, साडेसातला मालिका असते, सात एकतीसला फोन येतो, आणि तो नेमकं नाव सांगतो. गाणेवाल्यांना नावच सांगता येईना. "ते चॅनेल, ज्याच्यावर ते दोन कार्टून असते, एक मोठा एक छोटा, पांचट जोक मारते." ते बडे-छोटे, ९एक्सएमवाले, हे मला कळलं. "ते जुन्या गाण्याचं, खाली निळी पट्टी असते." निळी पट्टी कोणाची, काय समजणार! मी आपला एकेक नाव घेत गेलो, मस्ती का, बी४यू का, आणि ते तिकडून "नाही... हाव... नाही बाप्पा, त्याच्या आधीचं." रोज चार-चार तास चालू असलेल्या चॅनेलचं नाव माहीत नाही, आणि ते गेलं तर घर डोक्यावर.

दहाच्या सुमारास रेशीमबागेतले एक काका दुकानात आले. एजी ऑफिसातून रिटायर, हिशेबाचा माणूस. यांनी जानेवारीत माझ्याकडून लिस्ट घरी नेली होती आणि दोन दिवसांनी पेन्सिलीनं खुणा करून, बेरीज-जीएसटीसकट आणून दिली होती, माझ्या सगळ्या गिऱ्हाइकात एवढा नीट फॉर्म कोणाचा नव्हता. आता चेहरा उतरलेला. हळूच म्हणाले, "हिची तब्येत... म्हणजे तब्येत बरी आहे, पण ती शुक्रवारपासून बोलत नाही." काकू सकाळी स्वयंपाक करताना हॉलमधल्या टीव्हीवर गाणी लावून ठेवायच्या. काकांना वाटायचं टीव्ही चालूच राहिला आहे, ते येऊन बंद करायचे, त्या पुन्हा लावायच्या, हे वर्षानुवर्षं चाललेलं आणि कोणी कोणाला एका शब्दानं विचारलेलं नाही.

"किती आहे त्या चॅनेलचं?"

"दहा पैसे, काका."

"महिन्याचे?"

"महिन्याचे."

"मग टाकलं काहून नाही?"

मी ड्रॉवरमधून त्यांचाच कागद काढला. गाण्यांच्या पूर्ण रकान्यावर पट्टी धरून एक सरळ रेघ मारलेली होती. काका दोन मिनिटं कागद पाहत राहिले. मग म्हणाले, रेघ चांगली आली आहे. मी हसू दाबलं, त्यांनीही.

पण त्या दिवसाचा खरा किस्सा दुपारचा. अयोध्यानगरातल्या एका ताईचा सकाळपासून चारदा फोन, ब्लाऊज शिवतात घरी, आणि लग्नसराई सुरू. मी दुकान बंद करून गेलो. समोरच्या खोलीत मशीन, आजूबाजूला कापडाचे गठ्ठे, कपाटावर टीव्ही, आणि टीव्ही बंद. मशीन थांबवली नाही त्यांनी, तशाच म्हणाल्या, "या दादा, बसा. पहिले हे सांगा, माझे गाणे कोणी काढले?"

फॉर्म त्यांच्या मिस्टरांनी भरला होता. मला तो माणूस चांगला आठवत होता, कारण तो काउंटरवर म्हणाला होता, आमची मिसेस टीव्ही पाहतच नाही, दिवसभर मशिनीवर असते. सांगितलं तसं ताईंना. आतल्या खोलीत मॅचचा आवाज येत होता, तो एकदम कमी झाला.

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या, "मी पाहतच नाही. मालिका लावली का मान वर करा लागते, अन मान वर केली का शिलाई वाकडी जाते. गाण्याले मान वर करा लागत नाही."

मी म्हटलं मोबाईलवर लावत जा ना. तर मोबाईल दाखवला, बायकांचे गळ्याच्या डिझाईनचे फोटो येऊन पडलेले, दर पाच मिनिटाला फोन, फोन आला की गाणं बंद. "अन मोबाईलवर दर गाण्याले मलेच ठरवा लागते. हात कापडात, डोळे सुईत, अन वरतून गाणंबी मीच निवडू? टीव्हीवर ते आपल्यानं लावून देते, आवडो न आवडो." त्यांचा हिशेबही गाण्यावर चालायचा, एका गाण्यात हुक लावून झाले पाहिजे, बाही जोडायला दोन गाणे. दोन दिवसांपासून कामाचा अंदाजच लागत नव्हता म्हणे.

मला तिथं बसल्याबसल्या कळलं की आम्ही महिनाभर प्रश्नच उफराटा विचारत होतो. "काय पाहता?" विचारलं तर गाणं कोणीच सांगणार नाही, कारण गाणं कोणी पाहत नाही, ते चालू असते. सलूनवाला पाहते का? काकू पाहते का? आणि फॉर्म भरायला येणारा घरातला असा एकच माणूस, ज्याला दिवसा घरात काय चालू राहते ते माहीतच नाही.

असो. काम सोपं नव्हतं. शंभर चॅनेल भरलेले होते, पुढचे २५ घ्यायचे तर आणखी २० रुपये, जीएसटी धरून २३ रुपये ६० पैसे. (हे शंभराचं दुखणं २०२० मध्ये मिटलं, १३० रुपयातच २०० चॅनेल झाले आणि दूरदर्शनचे त्याच्या बाहेर गेले. तेव्हा मात्र बोटं मोजत बसावं लागायचं.) ताई म्हणाल्या तेवढ्यात माझे धाग्याचे रीळ येते, आहे त्यातलेच काढा. मग आम्ही काढायला बसलो. दक्षिणेतल्या एका भाषेचं बातम्यांचं चॅनेल, ते कसं आलं देव जाणे. दोन टेलिशॉपिंगचे. मग हिंदी बातम्यांचे पाच. "बातमी एकच असते, सांगणारे पाच कायले पाहिजे?" असं म्हणून चार उडवले, आतल्या खोलीतून एक क्षीण "अवं..." ऐकू आलं, तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. एका भक्तीच्या चॅनेलवर बोट ठेवलं तर सासूबाई पलंगावरून उठूनच बसल्या. त्या सकाळी खंजिरी भजन ऐकणाऱ्या, तुकडोजी महाराजांची भजनं तोंडपाठ. "थे काढशील तं पाय. थेबी गाणंच आहे." राहिलं ते.

मग टाकले गाण्याचे, आणि त्यात एक मराठी गाण्यांचं हवंच होतं त्यांना, म्हणून ९एक्स झकास. २०११ मध्ये ते आलं तेव्हा मराठी गाण्यांचं तसं पहिलंच चॅनेल होतं, हळदीच्या अन वरातीच्या गाण्यांना तेव्हापासून टीव्हीवर जागा मिळाली. आता डीलर ॲपमधून रिक्वेस्ट टाकली तर काढलेले चॅनेल पटकन निघाले आणि टाकलेले "प्रोसेसिंग"मध्ये अडकले. पूर्ण देश त्याच दिवशी चॅनेल बदलत होता, सर्व्हर तरी काय करेल. कस्टमर केअरला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. तिकडून आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत आणि मग संगीत, तेच ते, पुन्हा पुन्हा.

ताई मशीन चालवता चालवता म्हणाल्या, "घ्या! यांच्याकडं तं गाणे आहेत."

सासूबाई एवढ्या हसल्या की ठसका लागला. गंमत म्हणजे फोन लागेपर्यंत ताईंनी त्या होल्डच्या धूनवर एक पूर्ण बाही जोडली. शेवटी प्रतिनिधी आली, बिचारीचा आवाज बसलेला, तिच्यावर चिडावंसं वाटेना, तिनं तिकडून सिग्नल मारला, बॉक्स चालू ठेवायला सांगितला. संध्याकाळी ताईंचा मेसेज आला, चालू झालं, अन नणंदेच्या घरचंबी करून द्या. इंडियानं तोपर्यंत मॅच जिंकली होती, रायुडूनं ९० काढले, पस्तीस रननी जिंकलो, आमच्या चौकातल्या अर्ध्या लोकांना ते रात्री कळलं.

सोमवारपासून मी काउंटरवर प्रश्न बदलला. काय पाहता नाही, दिवसभर काय चालू राहते ते सांगा, आणि घरी फोन लावून विचारून सांगा. फॉर्म भरायला दुप्पट वेळ लागायचा, रांग लागायची, लोक चिडायचे. परत येणारे मात्र कमी झाले.

काकूंचं चॅनेल त्याच दिवशी सुरू झालं होतं. पुढच्या महिन्यात काका आले, वही घेऊन. दहा पैशावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अकरा पूर्णांक आठ दशांश पैसे होतात, कंपनीनं बारा धरले असतील तर वरचे कोणाकडे जातात, हे त्यांना माझ्याकडून लेखी पाहिजे होतं.