तुम्ही विचारलंत म्हणून: राखणीचे किती मिळतात?

अकोल्याच्या वहिनीने विचारलं. मेलबर्नच्या गणपतीत पंगतीला शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं. दाताच्या डॉक्टरने तर माझं तोंड उघडं ठेवून, मला बोलता येणार नाही अशी वेळ साधून विचारलं. स्वतःच्या चांगल्या घराला कुलूप लावून तुम्ही दोघं ती कॅरॅव्हॅन, म्हणजे ते चाकांवरचं घर, गाडीमागे ओढत आडगावांना जाता, लोकांची घरं राखता, त्यांच्या कोंबड्या कोंडता. याचे मिळतात तरी किती?

काहीच मिळत नाही. डिझेल आमचं, वाणसामान आमचं. वीज-गॅसचं बिल घरवाले भरतात आणि निघताना अंड्यांचा एक ट्रे हातात देतात. हिशोब संपला. पण एवढं ऐकून समोरच्याचा चेहरा असा काही पडतो की पुढचं सांगणं भागच पडतं.

अनोळखी लोकांची घरं आम्ही घेत नाही. त्यासाठी इथे वेबसाइटी आहेत, त्यावरून घरं धरत वर्षानुवर्षं फिरणारी जोडपीही आहेत. आमचा मामला मित्रमंडळींपुरता. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण नोकरी सोडून नवऱ्याच्या वडिलोपार्जित शेतीवर राहायला गेली, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तरेला, नॅराब्राय गावाच्या बाजूला. तिकडे गहू-हरभरा मे-जूनमध्ये पेरला की ऑक्टोबरात काढणी सुरू होईपर्यंत जी काय उसंत मिळेल तीच त्यांची सुट्टी. फवारणी कंत्राटदार करून जातो. पण कुत्रा, कोंबड्या, थोड्या मेंढ्या आणि परसबाग यांना कंत्राटदार मिळत नाही. शेजारी आहे, पण तो चार किलोमीटरवर आणि ऐंशीच्या घरातला. म्हणून मग आम्ही.

मेलबर्नहून निघालं की मरी नदी ओलांडल्यावर टोकमवॉलला न्यूअल हायवे सुरू होतो आणि हजारावर किलोमीटर जाऊन क्वीन्सलँडच्या वेशीवर गुंडीविंडीला संपतो. कॅरॅव्हॅन ओढायला इथे वेगळं लायसन्स लागत नाही, साधं गाडीचं चालतं. मला विचाराल तर ही फार बरी गोष्ट नाही. सामान कसं भरायचं हे ज्याला कळत नाही त्याची कॅरॅव्हॅन रस्त्यावर शेपटी हलवायला लागते. जड ते सगळं खाली, आसाच्या आसपास. आमच्याकडे तांदूळ, कणीक, कुकर आणि ह्यांची हत्यारांची पेटी तिथेच बसते. शेंगदाण्याचे लाडू पुढे माझ्या पायाशी, ते वजनात धरत नाहीत.

नव्वदच्या वर आम्ही जात नाही. मग मागून रोड ट्रेन येते, म्हणजे एका इंजिनामागे जोडलेले ट्रेलर, 36.5 मीटरपर्यंत लांब. अशा वेळी गाड्यागाड्यांत बोलायचा रेडिओ लागतो. ट्रकवाले चॅनल 40 वर असतात, कॅरॅव्हॅनवाले बहुधा 18 वर, आणि आपण कुठे ऐकतोय ते कॅरॅव्हॅनच्या पाठीवर लिहिलेलं असतं. मागचा ड्रायव्हर अगदी निवांत आवाजात सांगतो, पुढे मोकळं दिसतंय, येतो हं. हे फक्त ‘ये बाबा’ म्हणतात, गाडी सरळ धरतात आणि तो बाजूला आला की पाय जरा हलका करतात. ट्रक पुढे सरकताना हवेचा एक धक्का बसतो आणि कपाटातली भांडी वाजतात. पहिल्या वर्षी मी डोळे मिटायची, आता भांडी मोजते.

मुक्काम गावाच्या शोग्राउंडवर. म्हणजे वर्षातून एकदा जिथे शेतीचं प्रदर्शन आणि गुराढोरांच्या स्पर्धा भरतात ते मैदान. एरवी तिथे थोड्या डॉलरांत वीज-पाण्यासकट जागा मिळते. वाटेवरच्या पार्क्स गावाला 64 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे, 1961 सालची. 1969 साली चंद्रावरची चित्रं जगाला दाखवण्यात तिचा हात होता. मेंढ्या चरतात त्या रानात ती उभी आहे, आणि पाहायला जावं अशीच आहे. डबोपासून कूनाबराब्रानकडे जाताना रस्त्याकडेला प्लूटोपासून एकेक ग्रह लागत जातो. सायडिंग स्प्रिंग वेधशाळेचा घुमट हा सूर्य धरून अख्खी सूर्यमाला त्या मापाने त्या मुलखात मांडली आहे. नेपच्यून ते युरेनस एवढ्या अंतरात माझी एक डुलकी होते.

एकदा शोग्राउंडवर संध्याकाळी वरणाचा कुकर लावला होता. दुसऱ्या शिट्टीला शेजारच्या कॅरॅव्हॅनमधले गृहस्थ आग विझवायचं नळकांडं घेऊन दारात उभे. त्यांना मी तिसरी शिट्टी होईपर्यंत थांबवलं आणि मग वरणभात खायला घातला.

संडासाचं काय, हे विचारताना लोक आवाज खाली आणतात. आत छोटा संडास असतो, खाली पेटी असते, ती गावोगावच्या ठरलेल्या ठिकाणी रिकामी करायची. ते खातं ह्यांच्याकडे आहे. पुढे.

खरं सांगू का, नुसती कॅरॅव्हॅन मला फार दिवस मानवत नाही. देश दिसतो, आकाश तर असं दिसतं की बघत राहावं. पण भेटतात ती सगळी आपल्यासारखीच वाटेवरची माणसं. कुठून आलात, कुठे चाललात, लिटरला किती देते, झालं. सकाळी ते उत्तरेला, आपण दक्षिणेला. घर राखायला घेतलं की मात्र गावाला तुमच्याशी काम पडतं. टपालवाला पाकीट पेटीत न टाकता हॉर्न मारतो. दुकानातली बाई विचारते, पंप परत बिघडला का? आपण कोणी नसतो तिथले, पण आपल्या नावावर एक कुत्रा आणि एक टाकी असते. पाहुणा म्हणून गेले असते तर चार दिवस चहा पीत बसले असते. भाड्याने घर घेतलं असतं तर कोणी ओळख विचारली नसती. मला फुकट राबणंच परवडतं.

मैत्रीण फ्रिजवर यादी लावून जाते. पिण्याचं पाणी पावसाचं, पत्र्यावरून टाकीत साठवलेलं. किती उरलंय ते पत्र्याच्या टाकीवर वरून खाली ठोके मारत बघायचं, पोकळ आवाज जिथे भरीव होतो तिथवर पाणी. वीज गेली की पंप बंद, म्हणून दोन बादल्या कायम भरून ठेवायच्या. कोंबड्या दिवेलागणीच्या आत कोंडायच्या, कोल्हा वेळेचा पक्का आहे. मेंढ्यांच्या पाण्याच्या हौदातला फ्लोट रोज हलवून बघायचा. साप जुलैच्या थंडीत सहसा बाहेर पडत नाहीत, असं एका ओळीत लिहिलंय. त्याच्याच खालच्या ओळीत, चावलाच तर दाबून बांधायच्या पट्ट्या कुठल्या कप्प्यात आहेत ते.

कुत्रा केल्पी जातीचा, मेंढ्या वळवणारा. त्याला घरात यायची परवानगी नाही आणि त्याला ती नकोही आहे. माझं इंग्रजी त्याला कळत नाही. ह्यांचं कळतं, हा ह्यांचा दावा. मी मराठीत ‘चल रे’ म्हटलं की मात्र गाडीच्या मागच्या हौद्यात उडी मारून तयार.

यादीतलं सगळ्यात वरचं काम म्हणजे पर्जन्यमापक. कुंपणाच्या खांबाला लावलेली ती नळी सकाळी नऊला बघायची, आकडा वहीत लिहायचा, नळी पालथी करायची. मैत्रीण सुट्टीवर पोर्तुगालला असो की टास्मानियाला, फोन आला की पहिला प्रश्न कुत्र्याचा नसतो, आमच्या तब्येतीचा तर नसतोच. ‘किती पडला?’ मी म्हणते, ‘चार मिलिमीटर.’ पलीकडे एवढी शांतता की मला वाटावं, उरलेला पाऊस मीच कुठे लपवून ठेवलाय. शेजारचा म्हातारा अजून पॉइंटमध्ये बोलतो, शंभर पॉइंट म्हणजे एक इंच. ह्या देशाने 1974 साली पाऊस मिलिमीटरमध्ये मोजायला घेतला, ते त्याने मनावर घेतलेलं नाही. ‘चाळीस पॉइंट’ असं तो म्हणाला की मी मनात दहा मिलिमीटर धरते. दहा झाला की आम्ही कुठे जात नाही, कारण डांबरी रस्त्यापर्यंतची वाट कच्ची आहे आणि माती काळी.

ही माती मला कोणी समजावून द्यावी लागली नाही. अकोल्याची आहे मी. उन्हाळ्यात भेगा पडतात त्यात हात जाईल, आणि पावसात चपलेला चिकटून पाय दुप्पट जड. इथल्या मैदानातही तीच भारी काळी माती, आणि त्यात तसाच कापूस. वी वा गावाकडे जाताना जिनिंगबाहेर कापसाच्या गोलगोल गाठी रांगेने पडलेल्या दिसल्या तेव्हा मी ह्यांना गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून नुसती उभी राहिले. ह्यांचं गाव रत्नागिरीकडचं. त्यांना वाटलं गाडी लागली.

आणि हरभरा. मैत्रिणीच्या शेतात ‘हॅटट्रिक’ नावाचं देशी हरभऱ्याचं वाण असतं, आपल्याकडचा असतो तसाच तपकिरी, बारीक दाण्याचा. काही हजार हेक्टरांचं रान, ट्रॅक्टर उपग्रहाच्या खुणेवर सरळ ओळी धरतो. एवढा हरभरा पिकवतात आणि पाला कोणी खात नाही! शेतातल्या पाल्यावर फवारणी असते, त्याला हात लावायचा नाही हे मला कळतं. म्हणून मी मे महिन्यात फोनवर सांगून मैत्रिणीला परसात एक ओळ वेगळी पेरायला लावली, औषध न लावलेल्या दाण्यांची. जुलैत गेले तेव्हा वीतभर वाढली होती. सकाळी शेंडे खुडले, बोटांना आंब लागली, बोट जिभेला लावलं. मग लसूण-मिरचीची फोडणी, थोडं बेसन, बरोबर भाकरी. ज्वारीचं पीठ मेलबर्नहून नेलेलं होतं, खरं तर ज्वारीही तिथे चहूकडे पिकते, पण ती जनावरांना जाते.

म्हातारा पर्जन्यमापक तपासायला (म्हणजे माझा आकडा तपासायला) आला होता, त्याला ही भाजी वाढली. जन्मभर हरभरा विकलेला माणूस, ताटाकडे बघत म्हणाला, ‘ही आमचीच का?’ दोनदा घेतली. मग खिशातून जुनी गोष्ट काढली. डिसेंबर 2017 मध्ये भारताने आयातीच्या हरभऱ्यावर 30 टक्के शुल्क लावलं आणि पुढच्या मार्चपर्यंत ते 60 टक्क्यांवर नेलं. तोवर त्याचा माल नुकताच काढून झाला होता. ‘का केलं तुम्ही असं?’ हा प्रश्न मला. जणू काही दिल्लीत मला विचारूनच फाइल पुढे सरकवली होती. मे 2024 मध्ये ते शुल्क काढलं तेव्हा त्याने आम्हाला मेलबर्नला फोन केला होता, अभिनंदनाच्या सुरात. एप्रिल 2025 पासून पुन्हा 10 टक्के लागलं, तेव्हा फोन आला नाही.

आता माझी पंचाईत अशी की माझा सख्खा भाऊ अकोला जिल्ह्यात हरभरा घेतो. शुल्क उठलं तेव्हा त्याने मला फोन केला होता, आणि तो सूर अभिनंदनाचा नव्हता. बाहेरचा माल आला की आमच्या बाजार समितीत भाव बसतो, तुला तिथे बसून काय कळणार, वगैरे. दोघांचंही खरं आहे. माझ्या नळीत चार मिलिमीटर पडले की एकाला वाईट वाटतं, आणि इथे पीक बक्कळ आलं की दुसऱ्याला. मी दोघांचंही मीठ खाल्लंय.

गेल्या खेपेला म्हातारा बसलेला असताना भावाचाच व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार, तो जेवून सोयाबीनच्या धुऱ्यावर आला होता. मला वाटलं आता शुल्कावरून जुंपणार आणि मधे दुभाषी मी. भावाने ‘काका, रामराम’ केला. म्हाताऱ्याने टोपी उचलली. मग भावाने कॅमेरा फिरवून रात्रीत तुडवलेलं सोयाबीन दाखवलं. म्हातारा एकदम पुढे सरकला. ‘डुकरं?’ हो म्हटलं, रानडुकरं. त्यावर त्याने आपल्या फोनमधले फोटो काढले, लोखंडी सापळे, उकरलेलं रान, आणि माझ्या फोनसमोर एकेक धरत गेला. तुम्ही मारत का नाही, हे त्याने विचारलं. परवानगी लागते, वनखात्याचे कागद लागतात, हे भावाने सांगितलं. मी इकडचं तिकडे करत होते. ‘कागद’ म्हटल्यावर म्हाताऱ्याने अशी मान हलवली की भाषांतराची गरज पडली नाही.

मग भाऊ म्हणाला, डुकराचं एक वेळ परवडलं, हे बघ, आणि लांबवर उभा असलेला रोही, म्हणजे नीलगाय, दाखवला. म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला, परत लावला. घोडा म्हणावं तर शिंगं आहेत, गाय म्हणावं तर मान तशी नाही. नाव त्याने विचारलंच नाही. कांगारूंपायी जन्मभर कुंपणं उंच करत आलेला माणूस तो. माझ्याकडे वळून म्हणाला, ‘विचार त्याला, उडी किती उंच मारतो?’