ड्रेस्डेनच्या राजवाड्यात औरंगजेबाचा दरबार

बर्लिनहून सकाळची गाडी पकडली आणि दोन तासांत ड्रेस्डेनला पोचलो. हाताशी एकच दिवस होता, म्हणून स्टेशनवरून थेट नॉयमार्क्ट चौक गाठला. समोर फ्राउएनकिर्शे. फिकट पिवळ्या भिंतीत मधेच काळे दगड दिसतात, कुठे एखादाच, कुठे चार-पाच लागून. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हे चर्च होरपळलं आणि १५ तारखेला घुमटासकट कोसळलं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं तिथे ढिगाराच होता. १९९४ मध्ये बांधकाम सुरू झालं, ते २००५ मध्ये पूर्ण झालं. काळे दगड त्या ढिगाऱ्यातून निवडलेले. एकावर हात ठेवला. ऊन असूनही दगड गार होता.

तिथून जवळच राजघराण्याच्या घोड्यांवरच्या मिरवणुकीचं भित्तिचित्र आहे: १०२ मीटर लांबीची भिंत, सगळी माइसेनच्या पोर्सेलिन फरशांची. सुरेख आहे, पण माझं मन राजवाड्यातल्या खजिन्याकडे ओढ घेत होतं.

तिथे काचेच्या पेटीत ते शिल्प मिळालं. ‘मुघल बादशहा औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दिल्लीतला दरबार’. योहान मेल्खिओर डिंगलिंगर या सोनाराने आपल्या भावांसोबत १७०१ ते १७०८ या काळात घडवलेला. चांदीचं अंगण, वर छत्राखाली बसलेला बादशहा, पायऱ्यांवरून नजराणे घेऊन येणारे सरदार, झूल घातलेले हत्ती. बोटभर उंचीच्या सोन्याच्या बाहुल्या, प्रत्येकीच्या अंगरख्यावर मीनाकारीचा वेगळा रंग, आणि सगळ्यावर मिळून हजारो हिरे. डिंगलिंगरने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. प्रवाशांच्या वर्णनांवरून त्याने हे सारं उभं केलं. मी अर्धा तास तिथून हललो नाही.

माझं आजोळ अहमदनगरजवळच्या (आताच्या अहिल्यानगरजवळच्या) भिंगारचं. सुट्टीत मामाच्या सायकलवर पुढे बसून तिथल्या आलमगीरवरून, म्हणजे औरंगजेबाच्याच किताबाचं नाव असलेल्या भागावरून, कितीदा गेलोय. औरंगजेबाने १६७९ मध्ये दिल्ली सोडली, ती पुन्हा पाहिलीच नाही. डिंगलिंगर इथे पहिल्या बाहुल्या घडवत होता तेव्हा म्हातारा बादशहा पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता. पुढे सिंहगड, राजगड, तोरणा. गड घ्यायचा आणि पाठ फिरली की मराठ्यांनी तो परत घ्यायचा. ताराराणींनी त्याला स्वस्थ बसू दिलं नाही. मार्च १७०७ मध्ये भिंगारजवळ छावणीत त्याने प्राण सोडला. इथला दरबार तेव्हा पूर्णही झाला नव्हता. आपल्या मातीत संपलेल्या माणसाचा वाढदिवस इथे एल्बे नदीकाठी हिऱ्यांनी सजत होता, हे कळून अंगावर काटा आला.

संध्याकाळी नदीकाठच्या ब्र्यूल टेरेसवर बसून मामाला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, “त्यात आपला एखादा मावळा आहे का रे कुठे?”

नव्हता. पण गाडीला अजून वेळ होता, आणि खजिना बंद व्हायलाही. मी पुन्हा आत गेलो आणि एकेक बाहुली परत बघून आलो.