निर्गुडीच्या पाल्यातले १४९

साताऱ्यातील एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षे पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून औषधी वनस्पतींच्या पानांचे अर्क तपासून घेते. आज जे लिहीत आहे ते पावसाळ्यातील एका गुरुवारी घडले, आणि त्या दुपारनंतर आमच्या प्रयोगशाळेतील कामाची रीत बदलली.

माझी विद्यार्थिनी पाटण तालुक्यातील, कोयनेकाठच्या गावची. आजीचे गुडघे दुखू लागले की ओढ्याच्या कडेचा निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करायचा, फडक्यात बांधायचा आणि त्याने शेकायचे, हे तिने लहानपणापासून पाहिलेले होते, आणि प्रकल्पासाठी तिने निर्गुडी निवडली ती त्यामुळेच. आमच्या भागातील मुलांना नरक्याची हकिगतही ठाऊक असते. सह्याद्रीतील या झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवले. याच रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरील औषधे तयार झाली, आणि पुढे त्या मागणीपायी नरक्याची बेसुमार तोड झाली. आपल्या ओढ्याकाठच्या पाल्यातही असे काही निघेल, ही तिची आशा मला कधीच भाबडी वाटली नाही.

तिचे काम नेटके होते. वनस्पतिशास्त्र विभागाकडून तिने आधी नमुना ओळखून घेतला, पाने सावलीत वाळवली, भरड पूड केली आणि सॉक्सलेट या अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात प्रथम हेक्झेनने व नंतर मेथॅनॉलने अर्क काढले. हेक्झेनचा ५०० मिलीलिटर अर्क रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवून २ मिलीलिटरवर आणला आणि जीसी-एमएस (मिश्रणातील संयुगे वायुरूपात वेगळी करून ओळखणारे यंत्र) तपासणीसाठी बाहेर पाठवला, कारण ते यंत्र आमच्याकडे नाही.

गुरुवारी अकराच्या सुमारास अहवाल आला. ती धावतच माझ्या टेबलाशी आली. “मॅडम, बघा ना, शेवटी शेवटी केवढं मोठं पीक आलंय!” आलेखात ते पीक, म्हणजे एका संयुगाचे शिखर, खरोखरच बाकी सगळ्यांच्या दुप्पट उंच होते. यंत्राच्या संगणकीय ग्रंथालयाने त्याचे नाव डायएथिलहेक्झिल थॅलेट असे दिले होते आणि जुळणीही उत्तम होती. पानांच्या अर्कातील याच संयुगाला जिवाणूरोधक म्हणणारे तीन शोधनिबंध तिने तेवढ्या वेळात शोधून काढले होते. एका चर्चासत्रासाठी सारांश पाठवण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती आणि तिचा मसुदाही तयार होता.

मी त्या पिकाचा वस्तुमान वर्णपट, म्हणजे रेणूच्या तुकड्यांचे भार दाखवणारा आलेख, उघडला. सर्वांत उंच रेघ १४९ वर होती आणि तिच्या सोबतीला १६७ आणि २७९. या तीन आकड्यांची ही जोडणी ज्याने एकदा पाहिली तो ती विसरत नाही. १४९ हा थॅलिक अनहायड्राइडचा प्रोटॉनयुक्त आयन. पीव्हीसी प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात जे थॅलेट घालतात त्याची ही ओळखखूण आहे. युरोपात मुलांच्या खेळण्यांमध्ये ज्याच्यावर निर्बंध आहेत तो पदार्थ आम्ही निर्गुडीचे औषध म्हणून जगापुढे मांडायला निघालो होतो.

“ब्लँक कुठे आहे?” मी विचारले. ब्लँक पाठवलेलाच नव्हता. पाने न घालता, तेच द्रावक, तीच उपकरणे आणि त्याच पायऱ्या वापरून केलेला रिकामा प्रयोग म्हणजे ब्लँक. तो नमुन्यासोबत जायला हवा, हे पाहणे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते. तिचा चेहरा उतरला, पण ती एवढेच म्हणाली, “मग आत्ता करूया.”

तिने त्याच कॅनमधील ५०० मिलीलिटर हेक्झेन घेतले, सॉक्सलेटमध्ये पूड ठेवायची थिंबल रिकामीच ठेवून ते फिरवले आणि आटवून २ मिलीलिटरवर आणले. ५०० चे २ झाले की द्रावकातील अशुद्धीही अडीचशे पट दाट होते, हे आपण शिकवतो, पण त्याचा अर्थ अशा वेळी उमगतो. कपाटात डायऑक्टिल थॅलेटची बाटली होती. व्यापारात ‘डीओपी’ म्हणतात ते हेच, अहवालातले डायएथिलहेक्झिल थॅलेट. सिलिका जेल एफ २५४ च्या एका टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करायच्या) प्लेटवर तिने केशनलिकेने तीन ठिपके दिले: पहिला डीओपीचा, दुसरा पानांच्या अर्काचा, तिसरा ब्लँकचा. हेक्झेन आणि इथाइल अॅसिटेटच्या मिश्रणात प्लेट चढवली, वाळवली आणि आम्ही दोघी अतिनील दिव्याच्या खोक्यात वाकून पाहू लागलो. २५४ नॅनोमीटरच्या उजेडात प्लेट हिरवी चमकत होती आणि तिन्ही रांगांत, एकाच उंचीवर, एकेक काळा ठिपका होता. तिने दिवा ३६६ वर केला, तशी मधल्या रांगेतील हरितद्रव्ये लालभडक दिसू लागली. कडेच्या दोन रांगा मात्र तशाच अंधाऱ्या राहिल्या. पान फक्त मधल्या रांगेत होते आणि तो काळा ठिपका पानाशिवायही येत होता.

आता तो आला कुठून, ते शोधायचे होते. इव्हॅपोरेटर काचेचा, सॉक्सलेट काचेचे. मग तिचे लक्ष मोठ्या कॅनमधून हेक्झेन काढायच्या पारदर्शक पीव्हीसी नळीकडे गेले. तिने ती हातात घेतली आणि मला दिली. आपल्या हातातले टोक रबरासारखे मऊ होते. कॅनमध्ये कायम बुडालेले टोक मात्र तारेसारखे ताठ, किंचित पिवळसर, वाकवले तर मोडेल असे झाले होते. त्या टोकाचा मऊपणा थोडा थोडा करून हेक्झेनमध्ये उतरला होता आणि आम्ही तो आटवून अहवालात घेतला होता. सारांश पाठवायचा नाही, हे त्यानंतर तिनेच सांगितले.

संध्याकाळी भांडी धुताना तिने विचारले, “मॅडम, मग आजीला बरं वाटतं ते कशानं?” हा प्रश्न प्रकल्पाहून मोठा होता. शेकाच्या उष्णतेनेही दुखणे हलके होते, आणि पाल्यात खरोखरच काही असेल तर ते या एका यंत्रात सगळे दिसणार नाही, हे मी तिला सांगितले. जीसीमध्ये उष्णतेने वायुरूप होणारी संयुगेच पुढे सरकतात. निर्गुडीतील अॅग्नुसाइड हा घटक शर्करायुक्त आहे, सहज वायुरूप होत नाही. तो तसाच जीसीत घातला तर दिसत नाही. त्याच्यासाठी मेथॅनॉलचा अर्क एचपीएलसीवर (द्रवातच घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) घालावा लागेल आणि शेजारी शुद्ध स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचे शुद्ध संयुग, चालवावे लागेल. निर्गुडीतील कॅस्टिसिन या फ्लॅव्होनॉइडचेही तसेच.

पुढच्या आठवड्यात तिने सगळे नव्याने केले. हेक्झेन काचेत ऊर्ध्वपातित केले, भांडी ओव्हनमध्ये तापवून घेतली, बाटल्यांच्या तोंडावर पॅराफिल्म या मऊ चिकट पट्टीऐवजी अॅल्युमिनियमची फॉइल लावली, आणि पानांचा अर्क, ब्लँक व सरळ साखळीच्या अल्केनांचे मिश्रण (पिकांची जागा मोजायची पट्टी) असे तीन नमुने पाठवले. १४९ पूर्ण गेला नाही. थॅलेट इतके सर्वत्र पसरलेले आहे की त्याचा लवलेशही नसलेली प्रयोगशाळा मी पाहिलेली नाही. पण आता तो दोन्ही आलेखांत सारखाच, बुटका होता.

दोन्ही कागद तिने खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. बाहेरच्या उजेडात खालच्या आलेखाची पिके वरच्यातून दिसत होती आणि जी दोन्हीकडे होती ती ती पेन्सिलने खोडत गेली. जे उरले त्यात फायटॉल होते, जे हरितद्रव्याची शेपटी तुटूनही येते, म्हणून त्याच्यापुढे तिने प्रश्नचिन्ह केले. आणि बीटा-कॅरिओफिलीन होते, २०४ रेणुभाराचे, अल्केनांच्या मोजपट्टीवर १४२० च्या आसपास, जिथे ते यायला हवे तिथेच. मिरी आणि लवंगेतही असणारे हे संयुग शरीरातील सीबी-२ ग्राहीला (पेशीवरील संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) जाऊन बसते आणि त्यातून दाह कमी होऊ शकतो, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले आहे. नवे काही सापडले नव्हते. जे होते ते पानाचेच होते. तिने त्या पिकाभोवती गोल केला, शेजारी ‘ब्लँकमध्ये नाही’ असे लिहिले आणि कॅस्टिसिनचे स्टँडर्ड कधी येणार हे विचारायला ती भांडाराकडे गेली.