तीन आठवडे हिरवा राहिलेला बिल्ड

आमचा रात्रीचा बिल्ड (कोड जोडून तपासण्याचं काम) जेनकिन्सवर, म्हणजे हे काम टप्प्याटप्प्याने आपोआप करणाऱ्या प्रोग्रामवर, चालतो. एका रात्री लिंटच्या, म्हणजे कोडची मांडणी तपासणाऱ्या, स्टेजमध्ये कुठल्याशा फाइलमधल्या जास्तीच्या स्पेसवरून माशी शिंकली, बिल्ड तिथेच थांबला आणि पुढच्या तीन तासांच्या टेस्ट चालल्याच नाहीत. सकाळी सगळे हात चोळत बसलो.

मी झटपट उपाय केला. शेल कमांडच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि 'ट्रू'. कमांड पडली तरी एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा; शून्य म्हणजे यशस्वी) शून्य येतो, आणि जेनकिन्स तेवढाच बघतं. मग तीच ओळ कॉपी-पेस्ट होत टेस्टच्या स्टेजवरही गेली (हो, मीच केली). तीन आठवडे सगळं हिरवंगार. शेवटी एका सहकाऱ्याने लॉग उघडला, तर डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यापासून एकही टेस्ट सुरूच झाली नव्हती.

ट्रू काढून 'कॅच-एरर', म्हणजे एरर पकडून पुढे जाऊ देणारी जेनकिन्सची सोय, आणलं. त्यात 'बिल्ड-रिझल्ट' अनस्टेबल आणि 'स्टेज-रिझल्ट' फेल्युअर असं दिलं की स्टेज लाल दिसते, बिल्ड पिवळा होतो आणि गाडी पुढे जाते. बिल्डचा निकाल स्वतःहून दिला नाही तर पुढच्या स्टेज चालतात, पण बिल्ड शेवटी लालच होतो. यात माझा एक दिवस गेला.

दुसरा दिवस 'टी' कमांडने (आउटपुट पडद्यावर दाखवत फाइलमध्येही लिहिणाऱ्या) खाल्ला. टेस्टचं आउटपुट पाइपने 'टी'कडे देऊन फाइलमध्ये ठेवत होतो. पाइपचा एक्झिट कोड शेवटच्या कमांडचा, म्हणजे 'टी'चा, आणि ती बापडी कायम यशस्वी! त्यावर 'पाइपफेल' (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी सगळा पाइप पडला असं धरणारा पर्याय) लावायचं, पण आमच्या उबंटूवर साधा शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, डॅश आहे, त्याला ते कळेना. म्हणून वर बॅश या दुसऱ्या शेलची शिबँग ओळ (स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची हे सांगणारी पहिली ओळ) टाकली. ती टाकली की जेनकिन्स आपणहून देत असलेला 'एरर आला की थांब' हा पर्याय निघून जातो, तोही हाताने लिहावा लागतो.

एकदा चालू बिल्ड अबॉर्ट केला, म्हणजे मध्येच बंद केला, तर तो थांबायचं सोडून पुढच्या स्टेजमध्ये शिरला. कॅच-एरर अबॉर्टही गिळतं. त्यातला 'कॅच-इंटरप्शन्स' पर्याय फॉल्स केल्यावर अबॉर्टचं बटण पुन्हा कामाला आलं.

डिप्लॉयच्या (तयार कोड प्रत्यक्ष वापरासाठी चढवण्याच्या) स्टेजला मात्र अट घातली आहे: आतापर्यंतचा निकाल सक्सेस असेल तरच चालायचं. लिंटची स्टेज सध्या लालच आहे, त्यामुळे डिप्लॉयही अडलंय. ती कोणी दुरुस्त करायची यावर मीटिंग झाली, दुसरी सोमवारी आहे.